कोर्टानं सोडलं, मंडळानं काढलं

आमच्या घरात मासोळीचं डोकं माझं होतं. वैनगंगेची मासोळी आली की माय चिंचेच्या कोळात कालवण करायची, दादाला मधला तुकडा, बाबांना शेपटाकडचा, आणि डोकं माझ्या ताटात. डोकं खाल्लं की डोकं चालते, असं माय म्हणायची, आणि वस्तीत मॅट्रिक झालेली पहिली पोरगी मीच असल्यामुळे तिच्या बोलण्यावर कोणी शंका घेत नव्हतं. दादाचं लग्न झालं, विमलवहिनी भंडाऱ्याकडून आमच्या घरी आली, आणि आठ दिवसांत ते डोकं तिच्या ताटात गेलं. नवी हाय बिचारी, माय म्हणाली. वहिनीनं लाजत लाजत खाल्लं, आणि मी माझा भात रस्सा न घालता कोरडाच गिळला. तुम्ही म्हणाल, मासोळीच्या डोक्यासाठी माणूस डूख धरते का? धरते. मी धरला. त्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या एवढ्याशा राज्यात दुसरी राणी आलेली मला अजिबात खपत नव्हती.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, रेल्वेच्या छोट्या लाइनच्या अलीकडच्या वस्तीत होतं. सकाळी गोंदियाच्या गाडीची शिट्टी, मग भातगिरणीचा धडधडाट, आणि दुपारपर्यंत ओट्यावर कोंड्याचा पातळ थर. माय दिवसातून तीनदा ओटा झाडायची आणि तिन्ही वेळा गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. वस्तीत बहुतेक सगळी आमच्यासारखीच, वैनगंगेच्या खालच्या अंगाहून आलेली, दीक्षा घेतलेली बौद्ध घरं. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि भांडण दोन्हीत. बाबा अर्जीनवीस होते. कचेरीच्या आवारात चिंचेखाली सतरंजी, पुढ्यात पत्र्याची पेटी, त्यात दौत, टाक आणि कोरे कागद. सगळं गाव त्यांना मुंशीजी म्हणायचं. वकिलाची फी ज्याला परवडत नाही तो आधी बाबांकडे यायचा, आणि बाबाही त्याला वकिलाच्या थाटात चार कलमं ऐकवून मगच टाक उचलायचे. संध्याकाळी लाखोळीची डाळ चुलीवर रटरटत असायची आणि बाबा मला मजकूर सांगायचे. मी कंदिलापाशी बसून अर्जाची स्वच्छ प्रत करायची. फरियादी, मुलजिम, जमानत, पेशी हे शब्द मला इतर पोरींना उखाणे येतात तसे तोंडपाठ होते. हे काम माझं, माझ्या एकटीचं होतं. वहिनी आल्यावर तिसऱ्या महिन्यात बाबांनी तिचं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, अरे वा, हे तर छापल्यावाणी हाय. झालं. टाक तिच्या हातात गेला. मी उठून चुलीपाशी गेले आणि डाळ इतकी घोटली की नुसतं पाणी झालं.

बरं, तिच्यात नाव ठेवायला जागा असती तरी मन शांत झालं असतं. पण बाई दिसायला साधी, कामाला वाघीण, गळा असा गोड की रविवारी विहारात वंदना सुरू झाली की म्हातारी माणसंही डोळे मिटून ऐकायची. ती कोणाचं वाईट बोलत नसे. मला 'शांताबाई' म्हणायची, मी तिच्याहून लहान असून. त्या बाईचा राग करायला मला रोज सकाळी उठून मेहनत घ्यावी लागायची, आणि ती मी घेतली.

मग वस्तीत महिला मंडळ निघालं. सरकारच्या एका खात्यानं शिलाईची तीन मशीनं दिली, ती विहाराच्या बाजूच्या खोलीत ठेवली, आणि एकवीस बायांनी आळीपाळीनं शिवायचं ठरलं. अध्यक्ष मीच होणार असं मी धरून चालले होते. मॅट्रिक कोण? मी. हिंदीत अर्ज कोणाला लिहिता येतो? मला. निवडीच्या दिवशी देवकाबाई उभ्या राहिल्या. या आमच्या वस्तीतल्या सगळ्यात खडूस आणि सगळ्यात सरळ बाई, नवरा गिरणीत हमाल, स्वतः निरक्षर. त्या म्हणाल्या, अध्यक्ष मुंशीजीची सून, सचिव मुंशीजीची पोरगी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोलीची किल्ली वहिनीच्या कमरेला गेली आणि हजेरीचं रजिस्टर माझ्या काखेत आलं. त्या दिवशी घरी येताना मला रडू येत होतं, आणि वहिनी म्हणत होती, शांताबाई, तू हायस म्हणून मी हो म्हटलं, नाहीतर मले काय येते.

वर्षभर बरं चाललं. एका दुपारी मी रजिस्टर ठेवायला गेले तर खोलीच्या दारात सायकलरिक्शा उभी, आणि वहिनी एक मशीन पोत्यात गुंडाळून रिक्शात चढवून राहिलेली. मी विचारलं, कुठं नेता? ती म्हणाली, भरवेलीला, फुलवंताले देऊन राह्यली. फुलवंता म्हणजे भरवेलीच्या खाणीत दरड कोसळून नवरा गेलेली एक बाई. ती आमच्या मंडळाची नव्हती, आमच्या वस्तीची नव्हती, आमच्या समाजाचीही नव्हती. दादा खाणीच्या हजेरी कचेरीत कामाला होता, त्याच्याकडून वहिनीला ती कळली होती. दोन लेकरं उपाशी हायेत, वहिनी म्हणाली, मशीन भेटली तं ती शिवून खाईन. मी म्हटलं, मंडळाले इचारलं? ती म्हणाली, इचारलं तं नाही म्हणतीन. आणि रिक्शावाल्याला म्हणाली, चल दादा. भर दुपारी, अर्ध्या वस्तीच्या डोळ्यांदेखत, ती सरकारी मशीन घेऊन गेली. मला खोटं कशाला बोलू, आनंद झाला. पहिल्यांदा तिच्या हातून चूक झाली होती आणि ती मी पाहिली होती.

दोन महिन्यांनी खात्याच्या तपासनीस बाई आल्या. मशीनं दोनच. तिसरं दुरुस्तीला गेलं असं बाया धरून चालल्या होत्या. वहिनी त्या दिवशी माहेरी गेलेली. बाई हिंदीत विचारू लागल्या, तिसरी कहाँ है, किसने देखा. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. देवकाबाई म्हणाल्या, किल्ली अध्यक्षाकडे असते, तिले इचारा. तेव्हा मी पुढे झाले आणि बोलले, भाभीला मशीन रिक्शात ठेवताना मी पाहिलं. एवढंच. यातलं अक्षरन्अक्षर खरं होतं. ती फुलवंताकडे नेली, लेकरं उपाशी होती, हे मी बोलले नाही. बाईंनी लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली, आणि प्रकरण पोलिसात गेलं. मी रात्री जेवले नाही, आणि मायनं विचारलं तर पोट दुखते म्हणाले.

वहिनीनं स्वतःच पत्ता सांगितला, पण पोलीस भरवेलीला गेले तेव्हा फुलवंता तिथे नव्हती, उकव्याकडे माहेरी निघून गेलेली. तिथे मशीन सापडलं. गरीब बाई घाबरली. तिला वाटलं, फुकट भेटली म्हटलं तर घेऊन जातील, म्हणून ती पोलिसांना म्हणाली, मोल देऊन घेतली. आपली वस्तू वाचवायला तिनं एक वाक्य उच्चारलं आणि आमच्या वहिनीच्या गळ्यात फास घातला. मशीन तर जप्त झालंच, वर आता नुसतं मशीन हलवलं असं राहिलं नाही, सरकारी मशीन विकलं असं झालं. अमानत में खयानत, म्हणजे विश्वासानं दिलेली वस्तू गिळणं. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जात जे कलम लिहीत आले ते आपल्या सुनेच्या नावापुढे आलं. जमानत झाली, पण त्या दिवसापासून आमच्या घरातला आवाजच गेला. दादा खाणीतून आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. माय वहिनीला काही बोलत नव्हती, पण डाळीत मीठ दोनदा पडायचं. बाबा मात्र आपले पेटीतले कागद पुन्हा पुन्हा लावायचे आणि मला समजावत बसायचे. कोर्टात काय लागते? नियत. वस्तू हलवली हा गुन्हा नाही, बेइमानीनं हलवली हा गुन्हा. ते सरकारी वकिलानं शाबीत करायचं, पुरतं, शंका न ठेवता. एक शंका राहिली की सुटली. मी हूं हूं करत ऐकायची. ती शंका कोणापाशी आहे हे मला ठाऊक होतं. बोभाटा व्हायच्या आधी वहिनीनं मशीन कशासाठी नेलं ते माझ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी सरकारी गवाह होते. चपराशानं माझं नाव पुकारलं आणि मी आत गेले. खोलीत पंखा कुरकुरत होता, मजिस्ट्रेटसाहेब मान खाली घालून लिहीत होते, वहिनी कटघऱ्यात निळ्या काठाची पांढरी साडी नेसून उभी, बाबा दाराशी. फुलवंताची गवाही आधीच झाली होती. ती रडतच राहिली, एकदा मोल दिलं म्हणाली, एकदा फुकट भेटली म्हणाली, तिचं कोणी धड लिहूनही घेतलं नाही. सरकारी वकिलानं मला विचारलं, मशीन रिक्शात ठेवताना पाहिलं का? पाहिलं. बस, झालं. मग आमचे वकील उठले. वय झालेला माणूस, बाबांच्या ओळखीचा, आवाज असा मऊ की आपण कोर्टात आहोत हे विसरावं.

"भाभी ने उस वक्त आपसे कुछ कहा था?"

मी वहिनीकडे पाहिलं नाही. खरं सांगेन असं नुकतंच सगळ्यांसमोर म्हटलेलं होतं, आणि माझ्या बापानं आयुष्यभर त्या शब्दांवर पोट भरलं होतं. मी म्हटलं, कहा था. फुलवंता को दे रही हूँ, बच्चे भूखे हैं. हे पोलिसांना का सांगितलं नाही, वकिलांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी विचारलं नाही. साहेबांचा टाक थांबला. वकीलसाहेब जरा जवळ आले.

"बेटी, भाभी से कोई नाराज़ी है?"

आजतागायत मला एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. खोलीत आमची अर्धी वस्ती होती. मी म्हटलं, "हौ. जी, है. जलती हूँ." मागून कोणीतरी हसलं, साहेबांनी मान वर करताच गप्प झालं. वकील म्हणाले, बस, और कुछ नहीं पूछना. जी बाई जळते तीच मुलजिमाच्या बाजूचं बोलते, यापेक्षा पक्की गवाही कुठली? महिन्यानं फैसला आला. वहिनी सुटली. बाबांनी फैसल्याची शिक्क्याची नक्कल काढली, घरी आणली आणि तसबिरींपुढे ठेवली. मायनं पाटोडीचा रस्सा केला. वहिनीनं सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि माझं अंग लाकडासारखं ताठ झालं. मी तिला सोडवलं होतं, आणि घर कौतुक कोणाचं करत होतं, तर तिचं, इतके दिवस सोसलं म्हणून!

माझी नात जबलपूरला कायदा शिकते. परवा ती फोनवर धडा पाठ करून दाखवत होती, महाभियोग आणि फौजदारी खटला यांतला फरक. मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला काढायचं तर न्यायाधीश नसतात, सभासदच न्याय करतात. तिथे शिक्षा म्हणजे पद जाणं, तुरुंग नाही. आणि एकीकडे सुटलेला दुसरीकडे सुटेलच असं नाही. आजी, समजलं का, तिनं विचारलं. मी म्हटलं, बाई, मले तू शिकवते का? मी त्या सभेत बसली होती.

कारण फैसल्यानंतरच्या रविवारी देवकाबाईंनी मंडळाची सभा लावली, अध्यक्षाला काढायचं की ठेवायचं म्हणून. बाबांना ही नुसती रीत वाटली. कोर्टानं बरी, म्हणजे निर्दोष केल्यावर आता काय उरलं? ते धुतलेलं धोतर नेसून, शिक्क्याची नक्कल घेऊन बायांच्या सभेत गेले आणि उभं राहून ती हिंदीतली चार पानं मोठ्यानं वाचली. बायांनी शांतपणे ऐकली. मग देवकाबाई बोलल्या, आवाज न चढवता. "मुंशीजी, तिनं चोरी केली असं आम्ही म्हटलंच नाही. साहेबाले तो सवाल होता, आमचा सवाल दुसरा हाय. मशीन एकवीस जणींची होती, अन् तिनं एकीलेबी इचारलं नाही. अशा बाईपाशी किल्ली ठेवावी का नाही, एवढंच." बाबा गडबडले. तरी मुंशीच ते, हरकत काढलीच. म्हणाले, मग कायद्यानं चाला. जिनं फरियाद केली तिनं न्याय करायचा नाही, जिनं गवाही दिली तिनं न्याय करायचा नाही. देवकाबाई आणि शांता, दोघींनी मत टाकू नये. यावर बायांमध्ये हसू फुटलं. एक म्हणाली, माझी शिवायची पाळी गेली, मी फरियादी. दुसरी म्हणाली, मी रिक्शा जाताना पाह्यली, मी गवाह. मग मत टाकायले काय रस्त्यावरून बाया आणता? कोर्टात साहेब परका असतो, त्याला ना घेणं ना देणं. इथे जिचं नुकसान झालं तीच फरियादी, तीच गवाह, आणि तीच साहेब. देवकाबाईंनी हात जोडून बाबांना बाहेर बसायला सांगितलं. ते पायरीवर जाऊन बसले, नक्कल गुडघ्यावर ठेवून. माझ्या बापाला मी तेवढं हरलेलं पुन्हा पाहिलं नाही.

वहिनीला बोलायची संधी दिली. माफी मागितली असती तर निभावलं असतं, अर्ध्या बायांचे डोळे आधीच भरलेले होते. पण ती म्हणाली, "मशीन मीच देली. इचारलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं. तशी येळ पुन्हा आली तं मी पुन्हा देईन." आणि खाली बसली. मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं, एवढ्या उत्तरावर तिला काढणं चूक नव्हतं. चांगल्या मनाची बाई चांगली अध्यक्ष असतेच असं नाही. ज्या बायांनी असं मनाशी धरून मत दिलं त्यांना मी कधीच दोष दिला नाही. मी माझं सांगते आहे.

आमच्याकडे लिहिता येणाऱ्या तिघीचौघीच, म्हणून मत दाण्यांनी टाकायची पद्धत. साडीचा आडोसा, त्यामागे दोन ताटल्या, एकीत तांदूळ, एकीत धान, मधे पितळेचा गडवा. तांदूळ टाकला म्हणजे राहू द्या, टरफलाचं धान टाकलं म्हणजे काढा. अध्यक्षाला स्वतःचं मत नाही. काढायचं तर चौदा धानं पाहिजेत, हे मंडळाच्या छापील नियमांत होतं आणि ते नियम मीच सगळ्यांना वाचून दाखवले होते. माझी पाळी शेवटची होती. आडोशामागे मी एकटी. मी वाट पाहत राहिले की कोणीतरी विचारेल. त्या म्हाताऱ्या वकिलासारखं कोणीतरी, बेटी, नाराज़ी है क्या? तसं कोणी विचारलं असतं तर मी तांदूळ टाकला असता, माझी खात्री आहे. पण सभेत मनातलं कोण विचारते? तिथे शपथ नाही, उलट सवाल नाही. दाणा टाका आणि बाजूला व्हा. मला ती मिठी आठवली, छापल्यासारखं अक्षर आठवलं, आणि मी धान टाकलं.

देवकाबाईंनी गडवा सुपात उलटा केला आणि दाणे निवडले. तांदळाचे सहा, धानाचे चौदा. एकही जास्त नाही. ना जेल, ना जुर्माना. वहिनीनं कमरेची किल्ली सोडली आणि सुपात ठेवली. बाहेर बाबांनी एका बाईला विचारलं, अपील कुठं करायचं? तिला प्रश्नच समजला नाही. मग नवीन अध्यक्ष कोण, असं झालं. वहिनीच बोलली, शांताबाईले करा, ती शिकलेली हाय, खरं बोलणारी हाय. सगळ्यात आधी तिचाच हात वर गेला. मी अध्यक्ष झाले. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं आणि तेही तिच्या हातून.

घरी येताना बाबा पुढे निघून गेलेले. रेल्वे फाटकापाशी गाडी जायची होती म्हणून आम्ही दोघी थांबलो. वहिनी म्हणाली, "शांताबाई, एक इचारू? तू काय टाकलं?"

मी म्हटलं, "तांदूळ."

"मले मालूमच होतं," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. गाडी गेली, फाटक उघडलं, आम्ही घरी आलो.

पुढे गावातच माझं लग्न झालं, मी शाळेत मास्तरीण लागले, मंडळ आठ वर्षं चालवलं, नवीन आलेलं एकेक मशीन कोणाला दिलं ते रजिस्टरात लिहून. फुलवंतालाही एक दिलं, सगळ्यांना विचारून, आणि वहिनी म्हणाली होती ते खोटं ठरलं, एकीनंही नाही म्हटलं नाही. वहिनीला हे सांगायला मी मुद्दाम गेले, जरा जिंकल्यासारखी. तिनं टाळी वाजवली आणि म्हणाली, पाहा, तुझ्यासारखं मले कुठं जमलं असतं? मी परत आले ती पाय आपटतच.

वहिनी गेली त्याला चार वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत ती गोंदियाच्या दवाखान्यात होती, मी उशाशी. नर्स सुई लावायला आली तर वहिनीनं माझ्याकडे बोट दाखवून तिला सांगितलं, ही माझी ननंद. कोर्टात माझ्या विरोधात उभी केली होती, पण खरं बोलली. मंडळात साऱ्या बाया फिरल्या, पण हिनं माझ्यासाठी तांदूळ टाकला. तिच्या दोन सुना तिथे उभ्या होत्या, त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं, त्या हसल्या. नर्सनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी वहिनीच्या अंगावरची चादर नीट केली. इतकी वर्षं एका माणसावर असा डोळे झाकून भरोसा टाकणं मला कधी कोणाच्या बाबतीत जमलं नाही, आणि तिच्या उशाशी उभी असतानाही मला तिचा हेवाच वाटला.